अक्षर तेच, संकेत वेगळे : जुन्या संगणकीय मजकुराच्या रूपांतरासाठी साधन कसे निवडावे?

दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने १३५६ साली टोपरा येथील अशोकस्तंभ दिल्लीस आणविला. स्तंभावर काय लिहिले आहे हे जाणण्यासाठी त्याने विद्वानांना पाचारण केले, परंतु कोणालाही एक ओळसुद्धा वाचता आली नाही. अक्षरे पुसली गेली नव्हती. दगड शाबूत होता, कोरीव काम शाबूत होते. हरवली होती ती फक्त किल्ली. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील छोट्या छोट्या लेखांचे ठसे पाहात असता त्याच्या लक्षात आले की, बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. हे दान देणाऱ्यांचे लेख असतील आणि तो शेवटचा शब्द 'दानं' असेल, असे त्याने ताडले. त्या एका शब्दाने ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले आणि सम्राट अशोकाचे शिलालेख पुन्हा बोलू लागले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या संस्थेच्या कपाटातही असे न वाचता येणारे लेख पडून आहेत. पूर्वीच्या स्मरणिका, विहाराच्या बांधकामास देणगी देणाऱ्यांच्या याद्या, शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्यांची नावे, वार्षिक अहवाल असा बराच मजकूर त्या काळी संगणकावर टंकलिखित होऊन फ्लॉपी आणि सीडीवर जपून ठेवला गेला. आज तो उघडला तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. 'फाईल खराब झाली, टाकून द्या,' असे आपण सहज म्हणतो. परंतु बहुतेक वेळा फाईल खराब झालेली नसते. तिची किल्ली आपल्यापाशी नसते. ही किल्ली कशी ओळखावी आणि एका संकेतातील मजकूर दुसऱ्या संकेतात नेण्यासाठी कोणते साधन निवडावे, हे सभासदांना व विशेषतः संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना सोप्या भाषेत सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) संगणक अक्षर कसे साठवितो?

संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त अंक कळतो. कोणत्या अक्षराला कोणता अंक द्यायचा याचा जो तक्ता ठरविलेला असतो, त्यास एन्कोडिंग किंवा संकेतन म्हणतात. आस्की हा अमेरिकेतील जुना तक्ता १२८ जागांचा होता. त्यात रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे एवढेच बसत होते. पुढे २५६ जागांचे तक्ते आले, तेही प्रामुख्याने युरोपीय भाषांसाठीच. विंडोज-१२५२ हा त्यांपैकी एक.

भारतीय भाषांसाठी भारतीय मानक ब्युरोने 'इस्की' हा तक्ता मानक म्हणून स्वीकारला. त्याचा क्रमांक आयएस १३१९४, साल १९९१. यात खालच्या १२८ जागा आस्कीच्याच ठेवून वरच्या जागांत भारतीय अक्षरे बसविली आहेत. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातील सर्व लिप्यांसाठी एकच तक्ता असावा ही त्यामागील कल्पना. त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. युनिकोडचे अंक प्रत्यक्ष साठविण्याच्या पद्धती अनेक आहेत. त्यांपैकी यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली आणि आज तीच सर्वाधिक वापरात आहे.

एक उदाहरण घेऊ. 'क' हे अक्षर इस्कीमध्ये १७९ या एका अंकाने साठविले जाते. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक २३२५ आहे. तोच यूटीएफ-८ मध्ये २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटमध्ये लिहिला जातो. अक्षर एकच, संकेत वेगळे. त्रिपिटक सिंहली लिपीत लिहिले, ब्रह्मी लिपीत लिहिले किंवा नागरीत लिहिले तरी पाली वचन तेच राहते, तसेच हे आहे.

आता खरी अडचण पुढेच आहे. त्या काळी आपल्याकडील बहुतेक छपाईचे काम इस्कीतही झाले नाही आणि युनिकोडमध्येही नाही. ते झाले फॉन्टच्या आधारे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेले फॉन्ट तयार करण्यात आले. संगणकाच्या दृष्टीने फाईलमध्ये रोमन अक्षरेच असतात. फॉन्ट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवितो. उदाहरणार्थ, कृतिदेव ०१० या फॉन्टमध्ये रोमन छोट्या 'डी'च्या जागी 'क' आहे आणि छोट्या 'के'च्या जागी काना. म्हणून 'का' लिहिलेल्या फाईलमध्ये प्रत्यक्षात 'डी' व 'के' यांचे १०० आणि १०७ हे अंक असतात. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा प्रत्येक घराण्याची मांडणी निराळी. त्यावेळी दुसरा सोयीचा मार्ग नव्हता. या फॉन्टमुळेच खेडोपाडीच्या छापखान्यांतून जयंतीची हस्तपत्रके आणि आपल्या स्मरणिका निघू शकल्या, हे विसरता कामा नये. परंतु फॉन्ट गेला की पोशाख गेला आणि मागे उरला तो गोंधळ.

२) आधी फाईलची परीक्षा

वैद्य जसा नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही, तसे फाईल कोणत्या संकेतातील आहे हे ठरविल्याशिवाय साधनाला हात लावू नये. पुढील लक्षणे ध्यानात ठेवावीत.

(अ) मजकूर निवडून त्याचा फॉन्ट बदलून साधा रोमन फॉन्ट लावावा. मजकूर देवनागरीतच राहिला तर तो युनिकोड आहे. रूपांतराची गरजच नाही. मजकूर रोमन झाला तर तो फॉन्टच्या पोशाखातील आहे.

(आ) डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याच्या पुढे चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह येते. असे दिसल्यास तो चांगला यूटीएफ-८ मजकूर विंडोज-१२५२ समजून उघडला गेला आहे, असे खुशाल समजावे. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ असतो आणि विंडोज-१२५२ मध्ये २२४ म्हणजेच तो रेघेचा 'ए'.

(इ) रिकामे चौकोन दिसतात. मजकूर सुरक्षित आहे. त्या संगणकावर योग्य फॉन्ट नाही एवढेच.

(ई) अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. हे लक्षण वाईट. कोणत्या तरी प्रोग्रॅमने न समजलेले अक्षर टाकून त्या जागी प्रश्नचिन्ह लिहून ठेवले आहे. तशी फाईल साठविली गेली असेल तर ती कोणतेही साधन परत आणू शकत नाही. मूळ प्रत शोधणे हाच उपाय.

३) कोणत्या कामास कोणते साधन?

सर्व रोगांवर एकच गोळी नसते, तसे सर्व रूपांतरांना एकच साधन नसते. कामाचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार : दोन्ही बाजूंस मान्यताप्राप्त तक्ते आहेत. यूटीएफ-१६ मधील मजकूर यूटीएफ-८ मध्ये न्यायचा आहे, अशा कामासाठी 'आयकॉन्व्ह' हे साधन उत्तम. ते लिनक्स व मॅक संगणकांवर असतेच. 'कोठून' आणि 'कोठे' ही दोन नावे त्यास सांगावी लागतात. ते स्वतः अंदाज करीत नाही, हाच त्याचा गुण. मध्येच न बसणारा बाइट आढळला तर ते थांबते आणि तक्रार करते. त्याला एक बटण असेही आहे की जे दाबले असता न समजणारी अक्षरे मुकाट्याने गाळली जातात. ते बटण मराठी मजकुरासाठी वापरू नये. त्याचे कारण पुढे येईलच.

दुसरा प्रकार : मजकूर इस्कीतील आहे. आयकॉन्व्हच्या यादीत इस्की सहसा नसते. येथे 'आयसीयू' हा संच आणि त्यातील 'यूकॉन्व्ह' हे साधन कामास येते. विंडोजमध्येही देवनागरी इस्कीस ५७००२ हा क्रमांक दिलेला आहे. इस्की अक्षरांच्या उच्चारक्रमाने चालते, म्हणून रूपांतर बरेच सरळ होते. तथापि एक बाइट काढून दुसरा ठेवला की झाले, असे नाही. इस्कीत हलन्तापुढे दुसरा हलन्त आला की त्याचा अर्थ निराळा, हलन्तापुढे नुक्ता आला की निराळा. शिवाय मराठीचा 'क' आणि गुजरातीचा 'क' यांचा अंक एकच. लिपी कोणती ते वेगळ्या खुणेने सांगितलेले असते. तेव्हा स्वतः घाईने केलेला तक्ता न वापरता हे नियम जाणणारे साधनच घ्यावे.

तिसरा प्रकार : मजकूर फॉन्टच्या पोशाखातील आहे. आपल्या कपाटातील बहुतेक मजकूर याच वर्गात मोडतो. येथे आयकॉन्व्ह किंवा यूकॉन्व्ह यांचा काही उपयोग नाही, कारण त्यांच्या मते ती फाईल शुद्ध रोमन आहे आणि तिच्यात चूक काहीच नाही. येथे त्या विशिष्ट फॉन्टसाठी बनविलेले रूपांतरक लागते. 'श्रीलिपी ते युनिकोड' एवढे नाव पुरेसे नाही. त्या घराण्यातील नेमका कोणता फॉन्ट, हे जुळले पाहिजे. तयार रूपांतरक मिळत नसेल तर एसआयएल या संस्थेचे 'टेककिट' हे साधन आहे. त्यात आपण स्वतः तक्ता व क्रमाचे नियम लिहून देऊ शकतो.

क्रमाचे नियम का लागतात? 'धर्म' या शब्दात डोळ्याला रफार 'म'च्या डोक्यावर दिसतो, परंतु उच्चारात 'र्' हा 'म'च्या आधी येतो. युनिकोड उच्चाराप्रमाणे साठवितो, फॉन्ट डोळ्याप्रमाणे. 'विहार' शब्दात पहिली वेलांटी डोळ्याला 'व'च्या आधी दिसते. युनिकोडमध्ये ती 'व'च्या नंतर साठविली जाते. आता 'वार्षिक' हा शब्द घ्या. त्यात वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आहेत. ज्या रूपांतरकाने वेलांटी मागे नेली परंतु रफार पुढे आणला नाही, तो 'वाषिर्क' असे लिहून ठेवतो. 'आर्थिक'चे 'आथिर्क' होते, 'हर्षवर्धन'चे 'हषर्वधर्न' होते. असे शब्द आपण अनेक ठिकाणी पाहिले असतील. ती लिहिणाऱ्याची चूक नसून चुकीच्या साधनाची चूक असते.

चौथा प्रकार : एकाच दस्तऐवजात अनेक फॉन्ट आहेत. स्मरणिकेच्या पानावर शीर्षक एका फॉन्टमध्ये, मजकूर दुसऱ्यात आणि जाहिरातीचा पत्ता साध्या इंग्रजीत असतो. सर्व पान एकदम रूपांतरकात टाकले तर मराठी सुधारते आणि इंग्रजीचा चुराडा होतो. म्हणून मजकूर बाहेर काढताना फॉन्टची नावे टिकतील अशा आरटीएफ किंवा वर्डच्या स्वरूपात काढावा, आणि तुकड्यातुकड्याचा फॉन्ट पाहून काम करणारे साधन निवडावे. एसआयएलच्या रूपांतरक संचात वर्डच्या फाईलींसाठी अशी सोय आहे.

आणि किल्ली कोठेच सापडली नाही तर? छापील प्रत असेल तर ती स्कॅन करून 'टेसरॅक्ट'सारख्या अक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडे द्यावी. त्यास मराठी येते. मात्र त्यानंतर मुद्रितशोधन काळजीपूर्वक करावे लागते.

४) मुकाट्याने गाळणाऱ्या साधनाचा धोका

वर आम्ही म्हटले की, न समजणारी अक्षरे गाळणारे बटण वापरू नये. त्याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. युरोपीय भाषांना त्याने काही बिघडत नाही. परंतु यूटीएफ-८ मध्ये मराठीच्या पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट १२९ आहे आणि हलन्ताचा १४१. 'ए'चा शेवटचा बाइट १४३ आणि 'झ'चा १५७. म्हणजे वर (आ) मध्ये सांगितलेला बिघडलेला मजकूर उलट फिरवून दुरुस्त करताना नेमके उकार आणि हलन्तच या रिकाम्या जागांवर अडतात. प्रामाणिक साधन तेथे थांबते व विचारते. गाळणारे साधन ते टाकून पुढे जाते आणि 'काम यशस्वी' असे कळविते. मग 'बुद्ध' या शब्दाचे होते 'बदध' आणि 'धम्म'चे होते 'धमम'. मराठी न जाणणाऱ्याला वरवर पाहता मजकूर देवनागरीत आलेला दिसतो! या कामासाठी त्या पाच जागा जशाच्या तशा पुढे सोडणारे साधन लागते. पायथॉन भाषेतील 'एफटीएफवाय' या संचात ती सोय आहे.

आमच्याही हातून एक चूक झाली, ती सांगणे आमचे कर्तव्य आहे. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांची यादी आम्ही एका प्रोग्रॅममधून साध्या स्वल्पविरामी फाईलमध्ये साठविली. 'काही वैशिष्ट्ये जतन होणार नाहीत' अशी सूचना आली, ती न वाचताच आम्ही होकार दिला, आणि मूळ फाईलही आवराआवरीत पुसली गेली. दुसऱ्या दिवशी उघडली तो प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. गुण व रक्कम मात्र जशीच्या तशी. हाताने भरलेल्या अर्जांवरून नावे पुन्हा लिहावी लागली. दोन अर्ज सापडले नाहीत, म्हणून आमच्यातील दोघांना त्या विद्यार्थ्यांच्या घरी जावे लागले. एका विद्यार्थिनीच्या आईने विचारले, 'नाव यादीतून कमी केले का हो?' त्या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. ज्या समाजाची नावे पिढ्यान्‌पिढ्या कोठे लिहिलीच गेली नाहीत, त्याच्या माणसांना नाव गळण्याची भीती का वाटते, हे आपणांस सांगावयास नको.

५) साधनाची परीक्षा

तथागतांनी कालामांना उपदेश केला की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. रूपांतरकालाही हाच नियम लावावा. त्याची जाहिरात पाहू नये, त्याची परीक्षा घ्यावी. आम्ही पुढील पद्धत ठरविली आहे.

एक, मूळ फाईलला कधीही हात लावू नये. तिची प्रत करून प्रतीवरच काम करावे. मूळ फाईलसोबत फॉन्टचे नाव, साल व प्रोग्रॅमचे नाव लिहून ठेवावे. तो फॉन्टही तेथेच जपावा.

दोन, कठीण शब्दांची यादी आधी चालवून पाहावी. आमची यादी अशी : वार्षिक, आर्थिक, विद्यार्थ्यांना, दुसऱ्या, वऱ्हाड, प्रज्ञा, श्रद्धा, राष्ट्र, स्थिती, हृदय, कृतज्ञ, रुपये, रूप, ऑक्टोबर, ॲड. यांत 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झाले तर ते साधन मराठीसाठी तयार केलेले नाही, असे समजावे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी लोक 'अ'वर चंद्र देऊन किंवा हिंदीतील चंद्राचा 'ए' वापरून काम भागवीत. दिसायला जवळपास सारखे, पण संगणकाला ते तीन निराळे शब्द. म्हणून यादीत 'ॲड.' शोधला तर अर्धे वकील सापडत नाहीत. रूपांतरानंतर अशी रूपे एकसारखी करून घ्यावीत.

तीन, आकड्यांचा ताळा करावा. देणगीच्या यादीची बेरीज छापील स्मरणिकेतील बेरजेशी जुळली पाहिजे. ओळींची संख्या जुळली पाहिजे. जुन्या फॉन्टमध्ये अंकांच्या जागाही कधी कधी निराळ्या असतात, त्यामुळे ५०१ चे दुसरेच काही होऊ शकते.

चार, शक्य असेल तेथे मजकूर युनिकोडमध्ये नेऊन पुन्हा मूळ संकेतात आणावा आणि दोन्ही फाईली ताडून पाहाव्यात. फरक निघाला तर तो कोठे निघाला ते तपासावे.

पाच, शेवटी माणसाने वाचावे. नावे तर ज्येष्ठ सभासदांनीच वाचावीत, कारण कोणाचे आडनाव कसे लिहावे हे यंत्राला माहीत नसते.

आणखी एक सूचना. इंटरनेटवर फुकट रूपांतरके पुष्कळ आहेत. छापून प्रसिद्ध झालेला लेख तेथे टाकण्यास हरकत नाही. परंतु सभासदांचे पत्ते, दूरध्वनी, जातप्रमाणपत्राचे किंवा बँकेचे तपशील असलेली यादी परक्याच्या संगणकावर कदापि पाठवू नये. त्यासाठी आपल्याच संगणकावर चालणारे साधन वापरावे.

६) प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

आपले अनेक विद्यार्थी आज सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करीत आहेत. त्यांच्यासाठी थोडे अधिक.

फाईल उघडताना संकेतनाचे नाव स्वतः लिहावे. संगणकाच्या मर्जीवर सोडू नये. पायथॉनमध्ये चूक आढळल्यास थांबण्याची सोय मुळातच आहे. ती बंद करून 'दुर्लक्ष करा' असे लिहू नये. साधनाच्या नावावर भाळू नये. पीएचपी भाषेत 'यूटीएफ-८ करा' अशा अर्थाच्या नावाचे एक फंक्शन वर्षानुवर्षे वापरले गेले. प्रत्यक्षात ते फक्त लॅटिन-१ या एकाच युरोपीय तक्त्यावरून रूपांतर करीत असे. दुसरे काही दिले की गोंधळ. २०२२ साली आलेल्या ८.२ या आवृत्तीपासून ते कालबाह्य ठरविण्यात आले. त्याऐवजी 'कोठून' व 'कोठे' ही दोन्ही नावे विचारणारे फंक्शन वापरावे.

माहितीसाठ्याचेही तसेच. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' या नावाखाली वर्षानुवर्षे मिळत आलेल्या प्रकारात अक्षराला तीनच बाइट मिळत. देवनागरीचे अक्षर तीन बाइटांत बसते, म्हणून मराठी लिहिताना काही जाणवत नाही. परंतु युनिकोडमध्ये २०१० साली समाविष्ट झालेल्या ब्राह्मी लिपीच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. मोडीलाही चारच लागतात. म्हणजे अशोकाचा लेख मूळ लिपीत त्या साठ्यात ठेवू पाहिले तर तो बसत नाही. त्यासाठी चार बाइटांचा प्रकार, ज्याच्या नावाच्या शेवटी 'एमबी-४' असते, तोच निवडावा.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे तर, साधन निवडताना तीन प्रश्न विचारावेत. माझ्यापाशी आहे तो खरा तक्ता आहे की फॉन्टचा पोशाख? हे साधन त्या नेमक्या तक्त्यासाठी किंवा फॉन्टसाठी बनविले आहे काय? आणि न समजणारे अक्षर आले तर ते थांबून सांगते की मुकाट्याने गाळते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. झटपट काम करणाऱ्या साधनापेक्षा, अडल्यावर 'मला हे कळत नाही' असे सांगणारे साधन बरे. माणसांच्या बाबतीतही आपला अनुभव याहून वेगळा नाही.

सांचीच्या स्तूपावर राजेमहाराजांचीच नावे नाहीत. तेथे भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत, विदिशेचे हस्तिदंताचे कारागीर आहेत. दोन हजार वर्षांनी त्यांची नावे आपण वाचू शकतो, कारण कोणी तरी ती कोरली आणि कोणी तरी ती वाचण्याची किल्ली शोधली. आपल्या विहाराच्या देणगीदारांच्या यादीतही मोलमजुरी करून ५ आणि ११ रुपये देणाऱ्या मायबहिणी आहेत. त्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत आणि त्यांचे नाव दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाही. ते नाव एका हलन्तानेही न चुकता पुढच्या पिढीच्या हाती द्यावयाचे, एवढेच हे काम आहे.

ज्या सभासदांच्या घरी जुन्या फ्लॉपी, सीडी, छापील स्मरणिका किंवा त्यावेळचे फॉन्ट पडून असतील, त्यांनी ते टाकून न देता संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावेत. संगणकाची जाण असलेल्या विद्यार्थ्यांनी दर रविवारी एक तास द्यावा आणि ज्येष्ठांनी शेजारी बसून नावे वाचून घ्यावीत, अशी आमची नम्र विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!